केसरीबात आणि समानतेचं भाषण

माझ्या वर्गात टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला की मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. बाई जरा विक्षिप्त दिसतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतं. दिसू देत. मग कुणी उभं राहून चांगलं बोललं तर काय करायचं, असं एखादी धीट पोरगी विचारतेच. मी सांगते, तिला उत्तर द्यायचं. ती जे मागतेय ते देणार की नाही देणार, ते तोंड उघडून सांगायचं. यामागचं कारण मात्र मी मुलांना सहसा सांगत नाही, कारण सांगायला घेतलं की माझा आवाज चढतो आणि तास तिथेच संपतो. पन्नाशी कधीच उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे बोलायला लागले, पण तो दिवस आठवला की आवाज अजून चढतो. म्हणून एकदाचं इथे लिहून टाकते.

शिवाजीनगरात आमचं खाली दुकान आणि वर घर. शाळांचे युनिफॉर्म शिवायचं दुकान. किती पिढ्यांपासून आम्ही बेंगळुरात आहोत ते अप्पांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, नीट सांगता यायचं नाही. घरात मराठी, दारात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी जी चालेल ती भाषा. आमच्या मराठीला पुण्याकडची माणसं हसतात. हसोत बापडी, आम्ही त्याच मराठीत रडलो आणि भांडलोही. सकाळी आठला खाली मशिनी सुरू व्हायच्या त्या रात्रीच्या जेवणापर्यंत वरची फरशी थरथरत राहायची. खळ घातलेल्या नव्या कापडाचा आणि गरम इस्त्रीचा वास आमच्या उप्पिटालासुद्धा यायचा. अम्मा निपाणीची, तिला भाकरी थापल्याशिवाय स्वयंपाक झाल्यासारखा वाटायचा नाही. अप्पांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दोड्डप्पा म्हणायचो, त्यांना नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, आणि झणझणीत हुळी, म्हणजे आमटी लागायची. त्यामुळे अम्मा रोज दोन स्वयंपाक करायची आणि स्वतः जे उरेल ते खायची. दोड्डप्पांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. दुकान त्यांच्या नावावर, शब्द त्यांचा, आणि अप्पा त्यांच्यासमोर चाळिशीतही शाळकरी पोरासारखे उभे राहायचे.

वरून रस्त्यावर जायचं तर एकच जिना, आणि तो उतरायचा थेट दुकानात, दोड्डप्पांच्या कापड बेतायच्या टेबलापाशी. माझी चप्पल पायरीवर वाजली की त्यांची कात्री थांबायची. मान वर न करता ते विचारायचे, "एल्लिगे?" म्हणजे कुठे. घरात मराठी बोलणारा माणूस हा एक प्रश्न मात्र कन्नडात विचारायचा, आणि कन्नडात विचारला की तो पोलीस चौकीतला वाटायचा. कॉलेजला, म्हटलं की कात्री पुन्हा चालू व्हायची. मैत्रिणीकडे, म्हटलं तर चालू व्हायची नाही. अप्पांना, कारागिरांना, दुकानात चहा घेऊन येणाऱ्यालाही कुणी कधी एल्लिगे म्हटलं नाही. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते आणि तो जिना मला स्वप्नातही दिसायचा. स्वप्नात तो खाली पोचायचाच नाही.

आमच्या घरातली आणखी एक रीत सांगायला हवी. अम्मा दोड्डप्पांशी बोलायची नाही. भांडण नव्हतं हो, थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं थेट बोलायचं नाही, एवढंच. दोघं एका खोलीत, मध्ये हातभर अंतर, तरी अम्मा म्हणायची, "मंगला, दोड्डप्पांना सांग, ताट वाढलंय." आणि दोड्डप्पा म्हणायचे, "मंगला, तुझ्या अम्माला सांग, हुळीत मीठ कमी आहे." दोघांनाही पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असायचं, पण मी पुन्हा म्हणून दाखवेपर्यंत कुणी हलायचं नाही. बोलायला लागल्यापासून मी त्या घरातली टेलिफोनची तार होते. तारेला स्वतःचं काही म्हणायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात कशाला येईल?

ते माझ्या डोक्यात घातलं नीलाताईंनी. त्या जे. पी. नगरला राहायच्या, लग्न होऊन पुण्याहून आलेल्या, खणखणीत पुणेरी मराठी आणि खाली एक खटारा लुना. आम्ही सगळ्यांना अक्का म्हणायचो, पण यांना पहिल्या दिवसापासून ताईच. आमच्या समाजाच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी तरुण मुलामुलींसाठी वर्ग घ्यायची त्यांनी परवानगी मागितली. समाजाचे सेक्रेटरी दोड्डप्पाच. मुलं चार चांगल्या गोष्टी शिकतील, श्लोकबिक म्हणतील, अशा समजुतीनं त्यांनी सरी, म्हणजे ठीक आहे, म्हटलं, आणि सेक्रेटरीच्या घरची मुलगी नको का जायला, म्हणून मलाही पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जिना उतरले आणि कात्री थांबली नाही.

श्लोक एकही झाला नाही. दुसऱ्याच शनिवारी ताईंनी मुलग्यांना एका बाजूला उभं केलं आणि म्हणाल्या, तुम्ही मुली, या मुली म्हणजे घरातली मोठी माणसं, आता तासभर बाहेर जायची परवानगी मागा. कापडाच्या पेढीवर कामाला असलेला सुरेश पुढे आला. छाती काढून म्हणाला, "मी जरा बाहेर जाऊन येतो." मी दोड्डप्पांसारखी मान खाली घालून म्हटलं, "एल्लिगे?" मित्राकडे. "कोण मित्र? त्याचे वडील काय करतात? काम काय आहे? ते घरी बसून होणार नाही? बरोबर कोण?" सुरेश लालबुंद झाला आणि ओरडला, "अहो, मरायला जातो, पुरे?" आम्ही मुली हसून हसून वाकलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी सुरेशला विचारलं, "किती वेळात चिडलास? या रोज न चिडता जातात." मग हॉलमध्ये कुणीच हसलं नाही. त्या दिवसापासून सुरेशनं त्याच्या बहिणीला विचारणं बंद केलं असं त्यानंच सांगितलं. खरं-खोटं त्याच्या बहिणीला माहीत.

ताईंची शिकवण साधी होती. मागणी एका वाक्यात बसली पाहिजे. निर्णय कुणाच्या हातात आहे ते आधी शोधायचं आणि त्याच माणसाकडे बघून बोलायचं. आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही. याची परीक्षा घ्यायला आम्ही हॉलचं बाथरूम निवडलं. हॉलमध्ये बायकांसाठी एकच बाथरूम, त्याला कुलूप, आणि किल्ली दोड्डप्पांच्या सदऱ्याच्या खिशात. लग्नकार्यात नवऱ्या मुलीच्या आईलासुद्धा पुरुषांच्या घोळक्यात जाऊन त्यांच्याकडे किल्ली मागावी लागायची. कितीतरी बायका संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत. आम्ही आठ-दहा जण त्यांच्यासमोर उभे राहिलो आणि सुरेशनं आमचं वाक्य म्हटलं, "किल्ली बायकांच्या बाजूला खिळ्याला अडकवा." दोड्डप्पा म्हणाले, "बघू." ताई मागून शांतपणे म्हणाल्या, "बघू हे उत्तर नाही. हो किंवा नाही सांगा, मुलं उभी आहेत." आसपास बरीच माणसं होती. दोड्डप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, हसले, आणि किल्ली काढून दिली. खिळा मीच ठोकला. अंगठा ठेचला, पण मला वाटलं, आता जगात न उघडणारं काही राहिलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीला असंच वाटतं, आणि वाटावंही.

शनिवारी संध्याकाळी घरी आले की मी सगळा तास अम्मासमोर पुन्हा करायची. ती विळीवर खोबरं खवत बसलेली, मी चुलीपाशी उभी. तिला मी निर्णय घेणारा माणूस करायची. म्हणायची, "अम्मा, मला सायकल हवी. हो की नाही?" ती म्हणायची, "बघू." मी पाय आपटायची, "बघू हे उत्तर नाही गं! हो किंवा नाही म्हणायचं!" ती खोबऱ्याची वाटी फिरवत म्हणायची, "अगं बाई, मी कोण हो म्हणणार? बघूच म्हणत आले जन्मभर." मला तिचा संताप यायचा. एवढी साधी गोष्ट हिला जमत नाही, असं वाटायचं. पण पुढच्या शनिवारी ती आपणहून विचारायची, "आज काय शिकिवलं?" आणि विळी माझ्याकडे तोंड करून मांडून बसायची.

मग आलं समाजाचं वार्षिक संमेलन. ताईंनी मला स्त्री-पुरुष समानतेवर बोलायला उभं केलं. "आदरणीय व्यासपीठ, पूज्य वडीलधारे आणि माझ्या बंधुभगिनींनो" अशी दणदणीत सुरुवात केली. मध्ये एक वाक्य होतं, "ज्या घरात मुलीला विचारलं जात नाही, त्या घराला दारं असतात, पण वाट नसते." ते मला तेव्हा फार भारी वाटायचं. माझा गळा गाण्याला बेसूर, पण बोलायला तो चांगलाच मोठा होता. हॉल टाळ्यांनी नुसता दुमदुमला. स्टीलचा डबा बक्षीस मिळाला, आणि अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, हे मी आजही सांगेन. माझ्या अप्पांनी माझ्यावर जीव लावला नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला दारात उभं करणार नाही.

पण त्या पाण्यातच मी बुडाले. अप्पा मला घेऊन भाषणाला हिंडायला लागले. कुणाचं बारसं, कुणाचं हळदीकुंकू, गणपतीचा मांडव, सगळीकडे जेवणं उरकली की अप्पा म्हणायचे, "आमची मंगला समानतेवर छान बोलते हं, ऐका." मी उभी राहायची, आदरणीय व्यासपीठ म्हणायची, समोर व्यासपीठ म्हणजे केळीच्या पानांचा ढीग. लोक विडा चघळत टाळ्या वाजवायचे. बायका गालावरून हात फिरवून म्हणायच्या, पोरगी चुणचुणीत आहे, कुणाच्या घरात जाणार कोण जाणे. भाषण घासून घासून इतकं गुळगुळीत झालं की म्हणताना माझं लक्ष भलतीकडेच असायचं. आणि मग एका शनिवारी मी जिना उतरले तेव्हा कात्री थांबली. "एल्लिगे?" वर्गाला, मी म्हटलं. दोड्डप्पा म्हणाले, "भाषण पाठ झालंय की. आता वर्ग कशाला?" मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा मापाची पट्टी गुंडाळत होते, ते गुंडाळतच राहिले. मी पुन्हा वर गेले. वरच्या खिडकीच्या गजांतून सगळा रस्ता दिसायचा, बसस्टँडकडे जाणाऱ्या बायका, फुलवाल्या, कॉलेजातल्या मुली. मला वाटायचं, मला एका डब्यात घालून वर झाकण लावलंय आणि झाकणावर माझंच नाव कोरलंय.

बेंगळुराजवळच्या आनेकलहून मंडळी मला बघायला येणार, हे आदल्या दिवशी बज्जीसाठी मिरच्या आणल्या तेव्हा कळलं. आनेकलला त्यांचं कापडाचं मोठं दुकान, एकुलता एक मुलगा, शिवाय दोड्डप्पांचा जुना व्यवहार. लग्न वैशाखात उरकायचं आणि कॉलेज बंद, हेही दोड्डप्पांचं आणि मुलाच्या वडिलांचं आधीच बोलून झालं होतं. सूनबाईनं बाहेर पडायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. मी अम्माला म्हटलं, "तू काही बोल ना." ती म्हणाली, "मी कुणाशी बोलू? माझं बोलणं तूच पोचवतेस." मला इतकं रडू आलं की मिरच्यांच्या नावावर रडून घेतलं.

आमच्याकडे बघायला आले की केसरीबात आणि बज्जी करायची, आणि मुलीनं एक गाणं म्हणायचं. शिरा म्हणा हवं तर, पण केशर घातलेला, तुपात न्हालेला, त्याला आम्ही केसरीबातच म्हणणार. पाहुणे खात होते, मी खाली मान घालून बसलेली. मुलगा माझ्याकडे बघण्यापेक्षा बज्जीकडे जास्त बघत होता. बिचारा वाईट नसावा. त्याचे वडील म्हणाले, "मुलगी गाणं म्हणते ना?" अप्पांचा चेहरा उजळला. "गाणं नाही म्हणत, पण भाषण करते. समानतेवर. हॉलमध्ये पहिलं बक्षीस आहे." पाहुणे खूश. हे काहीतरी नवीनच. "होऊ दे, होऊ दे," ते म्हणाले. मी उठले. "सुरुवातीपासून म्हण गं," अप्पा म्हणाले.

तेव्हा बैठकीच्या त्या कोचाकडे बघून मी म्हटलं, आदरणीय व्यासपीठ. आज मला त्याचं हसू येतं, त्या दिवशी आलं नाही. दारं आणि वाट या वाक्यापाशी आले आणि एकदम ताईंचा आवाज आठवला, निर्णय कुणाच्या हातात आहे? भाषण तिथेच सोडून मी दोड्डप्पांकडे वळले आणि म्हटलं, "माझी मागणी एका वाक्यात आहे. मला बी.कॉम. पुरं करायचंय, तोवर माझं लग्न ठरवू नका. निर्णय दोड्डप्पांच्या हातात आहे. मी उत्तरासाठी उभी आहे."

आणि मग टाळ्या. आनेकलचे काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय बोलते हो पोरगी! शेवटचं तर एकदम खरंच वाटलं!" त्यांच्या बायकोनं दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. अप्पा अभिमानानं फुलून मला हळूच म्हणाले, "शेवटी नवीन घातलंस काय?" आणि दोड्डप्पा? त्यांना समजलं होतं. हॉलमध्ये असंच मागणं त्यांनी ऐकलं होतं, किल्ली त्यांच्याच खिशातून गेली होती. माझ्या डोळ्यांत डोळे घालून ते टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत मोठ्यानं, सगळ्यांचं थांबलं तरी. मग म्हणाले, "बस आता. दमलीस."

मी बसले नाही, पण बोलताही येईना. हे भाषण नाही हो, एवढंच म्हणायचं होतं, आणि जिच्या आवाजाचं गावभर कौतुक तिच्या तोंडून शब्द फुटेना. म्हटलं तरी काय होणार होतं, आणखी टाळ्या पडल्या असत्या. मी खरं बोलावं यासाठी या घरात जागाच उरली नव्हती. जे म्हणेन ते भाषण. मला आयुष्यात इतकं कोंडल्यासारखं पुन्हा कधीच झालं नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून अम्मा आली. हातात गरम बज्जीची परात. ती तिनं खाली ठेवली, पदर खांद्यावरून घेतला, आणि म्हणाली, "भाषण नव्हं ते. ती मागतीय."

तिचा आवाज बैठकीच्या खोलीत याआधी कुणी ऐकलाच नव्हता. दोड्डप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. सवयीप्रमाणे माझ्याकडे बघून म्हणाले, "मंगला, तुझ्या अम्माला सांग, आत जा म्हणावं."

मी सांगितलं नाही. तोंड गच्च मिटून उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा तार तुटली, आणि खोलीत जे काही होतं ते त्या दोघांतच राहिलं.

"मला ऐकू येतंय, भावजी," अम्मा म्हणाली. थेट. "पोरगी उभी आहे. उत्तर द्या."

"बघू," दोड्डप्पा म्हणाले.

"बघू हे उत्तर नव्हं." तिचे हात बेसनानं माखलेले होते, आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही. "हो म्हणा, न्हाई म्हणा."

आनेकलच्या काकांनी बशी खाली ठेवली. त्यांना आत्ता कुठे कळलं असावं. ते बायकोला म्हणाले की संध्याकाळच्या बसला गर्दी होते, निघावं. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. अप्पा एकदा भावाकडे, एकदा बायकोकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडातली बज्जी तशीच होती.

त्या एका उत्तरासाठी पुढे अम्माला काय काय सोसावं लागलं ते मी पाहिलंय. दोड्डप्पांनी तिच्या हातचं जेवणं सोडलं, हॉटेलातून डबा आणायला लागले, आणि सगळ्या समाजाला ते दिसेल अशा वाटेनं आणायला लागले. अप्पा कितीतरी महिने तिच्याशी धड बोलले नाहीत. मला कॉलेजखेरीज कुठेही जायचं नाही असं ठरलं आणि नीलाताईंचा वर्ग हॉलमधून उठला. माझं भाषण कुणी परत कधी मागितलं नाही. आणि बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षा झाल्या त्याच वर्षी मला दुसरीकडे देऊन टाकली, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. दार उघडलं होतं ते तेवढंच. हे सगळं जसंच्या तसं लिहिते आहे, कारण माझ्या वर्गातल्या मुलांना मी खोटी गोष्ट सांगणार नाही. पण ते तेवढं उघडलं म्हणूनच मी आज कुणाला काही शिकवते आहे.

त्या दिवशी मात्र अम्मा दोड्डप्पांसमोरून हलली नाही. खाली मशिनी चालू होत्या, फरशी थरथरत होती. शेवटी भिंतीकडे बघून ते म्हणाले, "सरी. परीक्षा होईपर्यंत नाही."

आनेकलची मंडळी जिना उतरून गेली. मी अजून तिथेच उभी, केसरीबातच्या बशांसमोर. अम्मानं परात उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"मिळालं उत्तर," ती म्हणाली. "आता बस."